एकदाचा खर्च

कवळीकाकांनी आयुष्यात हजारो तोंडं हाताळली, पण ती सगळी प्लास्टरची. जिवंत तोंडाशी त्यांचा कधी संबंध आला नाही. दातांचा डॉक्टर माप घ्यायचा, माप डब्यातून लॅबमध्ये यायचं, आणि काका खिडकीजवळच्या टेबलावर त्या पांढऱ्या जबड्यावर मेण चढवत बसायचे. मेणात दात रोवायचे, गुलाबी पावडर आणि वासाचं ते लिक्विड कालवून हिरडी ओतायची, घासून-पुसून आरशासारखी करायची आणि डब्यात घालून परत पाठवायची. ती कुणाच्या तोंडात गेली, त्या तोंडाने पुढे काय खाल्लं, कुणाला शिव्या घातल्या, हे त्यांना कळायचं नाही. म्हणून चारचौघांत ते माणसांच्या डोळ्यांकडे बघायचेच नाहीत, ओठांकडे बघत बोलायचे. समोरचा हसला की एकदम ओळख पटायची. "हा आपला आहे," असं पुटपुटत ते घरी यायचे आणि दिवसभर खूश असायचे.

थोरले मालक होते तोवर हे सगळं सुरळीत चाललं. ते गेले आणि धाकट्या मालकांनी मशीन आणलं. फ्रीजएवढं, आवाज न करणारं आणि, काकांच्या मते, तोंड न बघता दात छापणारं. (ते स्वतःही तीस वर्षं तोंड न बघताच दात बसवत होते, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आणून द्यायला कुणी गेलं नाही.) एके दिवशी धाकट्या मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. त्या लॅबमध्ये चहा मागवला की समजायचं, आता कुणाची तरी खुर्ची जाणार. चहा संपेपर्यंत काकांची गेली. गरज पडली तर बोलावू, असं मालक म्हणाले, आणि काकांनी ते वाक्य घरी येईपर्यंत खरं मानलं.

घरी काकू होत्या. मुलगा नोकरीसाठी लांब गेलेला, त्याची खोली रिकामी. काकू बसस्थानकावर घोषणा द्यायच्या. काचेच्या खोलीत माईकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, हे त्या अशा आवाजात सांगायच्या की उशीर झालेल्या गाडीचाही माणसाला राग येत नसे. गावात त्यांचा चेहरा फारसा कुणाला माहीत नव्हता, पण आवाज लहान पोरांनासुद्धा माहीत होता. भाजीवाला पिशवीत टोमॅटो टाकता टाकता म्हणायचा, "ताई, एकदा 'लक्ष द्या' म्हणा ना." आणि काकू म्हणायच्यासुद्धा. चार टोमॅटो जास्त मिळायचे.

मग त्यांच्या हिरड्या बिघडल्या आणि वरचे पुढचे चार दात काढावे लागले. तेव्हापासून 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची. आता घोषणेत 'स' किती असतात ते मोजायचं कारण नाही. सर्व प्रवाशांना सूचना, इथपर्यंत येतानाच दोन शिट्ट्या व्हायच्या. फलाटावरची कॉलेजची पोरं उलट शिट्टी घालू लागली. स्थानकप्रमुखांनी काकूंना तात्पुरतं हरवलेल्या वस्तूंच्या काउंटरवर बसवलं आणि माईकवर कंत्राटी मुलगी आणली. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, नवं वेळापत्रक लागेपर्यंत ती खुर्ची तुमची. दात बसवून या आणि बसा. एकदा नवं वेळापत्रक लागलं की मुलगी कायम होईल, मग माझ्या हातात काही नाही."

हरवलेल्या वस्तूंच्या काउंटरवर छत्र्या होत्या, डबे होते, एकेकटे बूट होते आणि चक्क दोन कवळ्याही होत्या. काकू पहिल्याच संध्याकाळी घरी येऊन म्हणाल्या, "तुमच्या हातची आहे का बघायला एखादी घेऊन येऊ? बसली तर बसली."

काकांना तो विनोद आवडला नाही. काकूंनी दातांसाठी वर्षभर बाजूला टाकलेले पैसे एका पाकिटात होते आणि त्यांचा बेत सरळ होता: लॅबमध्ये जायचं, मशीनवर चार दातांची कवळी करून घ्यायची, माईकवर परत बसायचं. लॅबचं नाव काढताच काका ताडकन उठले. कवळीकाकांची बायको मशीनचे दात घालून गावभर बोलणार? मग यांनी तीस वर्षं काय केलं, असं लोक विचारतील. चार दात म्हणजे त्यांच्या एका दुपारचं काम. सामान तेवढं आणायचं.

काकूंनी पाकीट दिलं. द्यायचं म्हणून दिलं नाही, विश्वासाने दिलं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

इथे मेहुणा येतो. काकूंचा धाकटा भाऊ. औषधाच्या कंपनीत बऱ्या पगारावर होता आणि त्याला छंदांचाच छंद होता. आधी मासे पाळले, मग दुर्बीण आणली, आणि त्या वर्षी छोटा लेथ आणून तो पेनं करत होता. रेझिनचा रंगीत ठोकळा घ्यायचा, लेथवर फिरवून त्याचं नळकांडं करायचं, आत रिफिल, वर टोपण, की झालं पेन. हा ठोकळा बाहेरून मागवावा लागायचा आणि महाग पडायचा. मेहुणा जेवायला आला तेव्हा त्याने खिशातून एक ठोकळा काढून टेबलावर ठेवला. निळा, आत ढगासारखं पांढरं फिरलेलं.

"भाऊजी, जन्मभर तुम्ही हेच ओतत आलात," तो म्हणाला. "तुमचं गुलाबी, हे निळं. तुमच्या डाव्या हातचा मळ आहे हा. जेवढे कराल तेवढे मी घेतो, माझे मित्रही घेतील."

काकांनी ठोकळा उजेडात धरला, अंगठा फिरवला, बुडबुडा शोधला. कुणीतरी पुष्कळ दिवसांनी त्यांना 'तुमचं' असं काहीतरी दाखवलं होतं. मेहुणा गेल्यावर त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर हिशेब मांडला. रेझिनच्या दोन बाटल्यांची किंमत, भागिले त्यात होणारे ठोकळे. एक ठोकळा इतका स्वस्त पडत होता की त्यांनी गणित दोनदा करून बघितलं. गणित बरोबर होतं. फक्त त्यात बाटल्या सोडून दुसरं काहीच नव्हतं.

दुसरं काय काय लागतं ते एकेक करून समोर येत गेलं. साचा सिलिकॉनचाच हवा, बाकी कशालाही रेझिन घट्ट चिकटतं. दोन बाटल्यांतला माल वजनाने अगदी बरोबरीने घ्यायचा, आणि स्वयंपाकघरातला काटा बारीक वजनाला डोळे मिटून घेतो, म्हणून नवा काटा. रंगाची पूड, चकाकीची पूड. वास छातीत जातो म्हणून मास्क, आणि मास्कला फिल्टर, जो बदलावा लागतो हे मास्क विकणाऱ्याने पैसे घेतल्यावर सांगितलं. हातमोजे, कप, ढवळायच्या काड्या. दर वेळी खोकं घरात शिरताना काका काकूंना एकच वाक्य ऐकवायचे, "हा एकदाचा खर्च आहे." काकू मान डोलवायच्या. दर खोक्याला एकदाच.

इथपर्यंतचं सगळं काकांच्या स्वतःच्या पैशांतून झालं. मग दाबाचं भांडं आलं. रेझिन ओतताना त्यात हवा अडकते आणि ठोकळ्यात बुडबुडे राहतात. ते नाहीसे करायचे तर साचा जाड पत्र्याच्या बंद भांड्यात ठेवून वरून कॉम्प्रेसरने हवेचा दाब द्यायचा. दुकानात ते भांडं बघितलं आणि काका हललेच. लॅबमध्ये त्यांच्या उजव्या हाताला तीस वर्षं अगदी असंच भांडं होतं. तसाच दाब दाखवणारा काटा, तशाच झाकणाच्या कळा. मोडलेल्या कवळ्या जोडल्या की त्यातच शिजवायच्या.

घरी येऊन ते काकूंना म्हणाले, "अगं, तुझ्या दातांनाही हेच भांडं लागणार आहे. ठोकळे आपले वरकड."

पाकीट उघडलं ते या वाक्यावर. भांड्याला कॉम्प्रेसर हवा, कॉम्प्रेसरला नळी हवी. पाकिटात जे उरलं त्यात तयार दातांची एक पट्टी आणि गुलाबी पावडरीचा लहान डबा आला, तेव्हा काका अगदीच खोटं बोलले असं म्हणता येणार नाही. म्हणायला मोह मात्र होतो.

मुलाच्या खोलीत कारखाना थाटला गेला. पहिल्या दिवशी काकांनी निळं आणि पांढरं रेझिन कालवलं, साच्यात ओतलं, साचा भांड्यात ठेवला आणि तीस वर्षांच्या सवयीने भांड्यात तांब्याभर कोमट पाणी घातलं. लॅबमध्ये घालायचेच. गुलाबी पावडरीला दाबाबरोबर कोमट पाणी लागतं, त्याशिवाय ती नीट शिजत नाही. हात विचार न करता गेला. झाकण आवळलं, दाब दिला, आणि काका बाहेर येऊन ऐटीत पेपर वाचत बसले.

झाकण उघडलं तेव्हा साच्यातून पिवळट-निळा फेस वर येऊन गोठला होता, भट्टीत विसरलेल्या पावासारखा. या रेझिनला पाणी लागलं की ते फसफसतं. तसं बाटलीबरोबरच्या कागदावर ठळक लिहिलेलं होतं, पण ज्याचा जन्म रेझिनमध्ये गेला त्याने कागद वाचायचा? तो काकूंनी वाचला. मोठ्याने, माईकवर वाचावा तसा, मधूनमधून शिट्टी वाजवत: साचे संपूर्ण सुकवून घ्यावेत, सामान ओलसर जागी साठवू नये. काका भिंतीकडे बघत ऐकत राहिले. साचा गेला, माल गेला. नवा साचा आणला. हाही एकदाचाच.

त्यानंतर मात्र त्यांनी पाण्याचा धसका घेतला. भांडं फडक्याने पुसायचे, मग काकूंचा केस सुकवायचा ड्रायर आत फिरवायचे, मग पुन्हा फडकं. खोलीत पाण्याचा पेला न्यायला बंदी. चहाची वाफ नको म्हणून चहा दारात. हात नव्याने शिकत होता आणि काका त्या हातावर खूश होते.

काकूंच्या दातांचं काम झालंच नाही असं नाही. माप घेतलं होतं. जेवणाच्या टेबलावर, काकूंना खुर्चीत मान मागे टाकून बसवून. काकांच्या आयुष्यातलं ते पहिलं जिवंत तोंड. प्लास्टर कधी ठसकत नाही, डोळ्यांतून पाणी काढत नाही, तुमचं मनगट धरत नाही. तरी माप चांगलं आलं. त्यावरून प्लास्टरचा जबडा झाला, त्याच्या मधल्या खिंडीत काकांनी मेणावर चार दात बसवून पाहिले, आणि जबडा फळीवर ठेवला. मग फळीवर बाटल्या आल्या, जबडा मागे सरकला. रंगाच्या पुड्या आल्या, आणखी मागे गेला. उडालेली चकाकी हळूहळू त्याच्यावर बसत गेली.

"अहो, माझं तोंड कुठंय?" काकू एकदा दारातून विचारत्या झाल्या.

"आहे ना, मागे आहे."

"ते निळं झालंय."

"धुतलं की जाईल."

"वेळापत्रक छापायला गेलंय," काकू म्हणाल्या. "ती मुलगी आता घरून उशी आणून ठेवायला लागलीय खुर्चीत."

काकांनी सांगितलं की चार दात म्हणजे एका दुपारचं काम. दुपारी तर येतच होत्या, एकामागून एक, पण प्रत्येक दुपारी कुठला ना कुठला ठोकळा नेमका चांगला यायच्या बेतात असायचा. काकूंनी आणखी काही दिवस रीतसर दातांच्या कण्या केल्या, म्हणजे होते तेवढ्यांच्या. मग विचारणं सोडलं. घरातली बाई विचारायची थांबली की नवऱ्याला वाटतं, समजूत पटली. काकांनाही तेच वाटलं.

आणि ठोकळे खरंच चांगले आले. शेवटी शेवटी तर असे की काकांनाच विश्वास बसेना. निळ्यात पांढरा धूर, हिरव्यात तांब्याची शीर, बुडबुडा औषधाला नाही. सगळ्यात देखणे दहा-बारा त्यांनी फडक्यात गुंडाळले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मेहुण्याच्या घरी गेले.

मेहुण्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगात सायकलवाल्यांची घट्ट चड्डी होती. बैठकीत लेथ नव्हता. लेथच्या जागी भिंतीला सायकल टांगलेली होती, जिची किंमत त्याने आपणहून सांगितली. लेथ विकून टाकला, तो म्हणाला, बसून बसून पाठ धरायला लागली होती. त्याने फडकं उघडून एकेक ठोकळा मनापासून बघितला, वा वा केलं, बायकोला हाक मारून दाखवला.

"भाऊजी, तुम्ही खरंच केलेत की," तो म्हणाला. "मला वाटलं, असंच बोलतोय आपण."

मित्रांचं काय, हे काकांनी विचारलं. मित्रही सायकलवर होते. मेहुण्याने दोन ठोकळे ठेवून घेतले, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून. पैसे काढायला गेला तेव्हा काकांनी त्याचा हात धरला. आपल्या माणसाकडून काय घ्यायचे, असं म्हणाले. चेहरा पडू न देण्याचा तो एकच मार्ग त्यांना त्या वेळी सुचला.

घरी येताना ते ओठांकडे न बघता जमिनीकडे बघत चालले. रस्त्यावर स्थानकाचा चौकीदार भेटला. परवापासून नवं वेळापत्रक, तो म्हणाला, बोर्ड रंगवून झाले.

काका सरळ खोलीत शिरले. जबडा काढला, चकाकी ब्रशने झटकली, मेण नीट केलं. मागचं सगळं पुसून टाकायचं म्हणून त्यांनी हे काम हातात घेतलं आणि बराच वेळ त्यांचा हात थोरल्या मालकांच्या काळातला हात होता. दातांची ओळ सुंदर लागली. गुलाबी पावडर आणि लिक्विड कालवलं, ओतलं, भांडं उघडलं. फडक्याने पुसलं. ड्रायर फिरवला. पुन्हा फडक्याने पुसलं. कोरडं ठणठणीत झालंय याची बोट फिरवून खात्री केली, जबडा आत ठेवला, झाकण आवळलं आणि दाब दिला.

जिथे पाणी नको होतं तिथे घातलं होतं, आणि जिथे हवं होतं तिथे भांड्याने थेंब बघितला नाही.

झाकण उघडल्या उघडल्या त्यांना कळलं. गुलाबी रंग खडूसारखा फिकट, आणि सबंध टाळूवर सुईच्या टोकाएवढी भोकं. लिक्विडचा कच्चा वास. तरी काकांनी ती कवळी घासली, चमकवली, साबणाने धुतली. दुसरं करायला पावडर नव्हती आणि पाकीट रिकामं होतं.

काकूंनी कवळी तोंडात घातली. टाळू चुरचुरत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. मग त्यांनी सरळ बसून, समोर माईक असल्यासारखं, म्हटलं, "सर्व प्रवाशांनी सामान सांभाळावं." शिट्टी होतीच. शिवाय 'सांभाळावं'वर कवळी जरा खाली आली. त्यांनी ती काढली, रुमालावर ठेवली आणि भोकांकडे बघत राहिल्या.

"हे तुमच्या हातचं?" त्यांनी विचारलं.

टोमणा असता तर काकांनी परतवला असता. पण त्यांना खरंच विचारायचं होतं.

सकाळी काकू गळ्यातली चेन काढून रुमालात बांधून बाहेर पडल्या. कुठे जातेस, असं विचारायला काकांचं तोंड नव्हतं. स्थानकप्रमुखांच्या दारात त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी कशीबशी आठवड्याची मुदत मिळवली. तिथून लॅबमध्ये गेल्या. तिथे एका काडीसारख्या यंत्राने त्यांच्या तोंडाचे फोटो काढले. ठसका नाही, डोळ्यांत पाणी नाही. आठवडा भरायच्या आत छापलेली कवळी तोंडात बसली आणि अशी बसली की दात काढले होते हे काकूंनाही आठवावं लागलं. धाकट्या मालकांनी बिलात घसघशीत सवलत दिली. जुन्या माणसाच्या घरचं काम म्हणून. काकूंनी ते बिल घरी आणून टेबलावर ठेवलं. सवलतीच्या ओळीत काकांचं पूर्ण नाव टाइप केलेलं होतं. त्या लॅबने इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच नीट लिहिलं होतं.

महिन्याभराने भांड्याला आणि कॉम्प्रेसरला गिऱ्हाईक मिळालं. दुसऱ्या गावातला कुणी नवशिक्या, ज्याने वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर नुकताच हिशेब केला असणार. निम्म्याहून कमी भावात सौदा झाला. फोनवर त्याने आणखी काय लागेल विचारलं तेव्हा काका फक्त "कागद वाचा" म्हणाले.

भांडं बसने पाठवायचं म्हणून काका स्थानकाच्या पार्सल खिडकीशी गेले. खिडकीतल्या कारकुनाने खोकं काट्यावर चढवलं.

"आत काय?"

"भांडं."

"स्वयंपाकाचं?"

"दातांचं," काका म्हणाले, आणि त्याने आणखी विचारू नये म्हणून पावतीवर सही करायला लागले.

तेवढ्यात वरचा कर्णा खरखरला. सर्व प्रवाशांना सूचना. सहा नंबरची गाडी सात नंबरच्या फलाटावरून सुटेल. सर्वांनी आपापलं सामान सांभाळावं.

काकांनी पेन थांबवलं. जन्माची सवय, कान आपोआप काम तपासायला लागले. एकेक 'स' त्यांनी उजेडात धरल्यासारखा धरला, अंगठा फिरवला, बुडबुडा शोधला. कुठेच नव्हता. दुसऱ्यांदा घोषणा झाली तेव्हा पुन्हा शोधला. एखादी शिट्टी, बारीकशीसुद्धा, त्यांना त्या वेळी फार हवी होती.

"ही बाई परत आली ते बरं झालं," कारकून शिक्का मारत म्हणाला. "मधली पोरगी गाड्यांची नावं गिळायची. हिचा आवाज बघा कसा आहे."

"चांगला आहे," काका म्हणाले. ती कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. त्याने दातांचं विचारलं असतं.

काचेची खोली तिथून दिसत होती. काकूंची पाठ, माईककडे झुकलेली मान. काका तिकडे गेले नाहीत.

त्या संध्याकाळी काकू घरी आल्या, चपला काढल्या, हात धुतले आणि रोजच्यासारखी कवळी काढून ओट्यावरच्या पेल्यात ठेवली. हिरड्यांना आराम हवा, असं लॅबवाल्यांनी सांगितलं होतं. दिवसभर सगळ्या स्थानकाला मिळणारा तो आवाज पेल्यात राहायचा. घरात त्या तशाच बोलायच्या, शिट्टी वाजवत, लागेल तेवढंच.

"गेलं का सामान?" त्यांनी विचारलं.

"गेलं," काका म्हणाले, आणि पेल्यातलं पाणी कमी झालंय असं दिसलं म्हणून उठून त्यात थोडं घातलं.